जिलेबीच्या रंगाचं पाणी

साबेराची नखं कायम रंगलेली. यावलजवळच्या एका गावात सासऱ्यांनी सुरू केलेलं ओढण्या रंगवायचं काम आता तीच सांभाळते. पाण्यात रंग कुठे रेंगाळतो, कुठे ओढला जातो, हे तिला बघताक्षणी कळतं.

गावाच्या वर मातीचं लहान धरण आहे. त्याच्या पायथ्याशी अंगणवाडी, आणि तिथे साबेराची चार वर्षांची नौशीन. ऑगस्टात धरण काठोकाठ भरलं आणि अंगणवाडीमागच्या चारीत पाणी झिरपायला लागलं. तेही गढूळ, म्हणजे बांधाची माती सोबत आणणारं. साबेराला घास गोड लागेना.

ती पाणीवाटप समितीच्या गिरधरआबांकडे गेली, धरणाचं पाणी उतरवा म्हणाली. आबा हसले.

"माह्या केळीचं ठिबक फुटलं असन. त्याच्यासाठी धरण रिकामं करू काय?"

"ठिबकचं पाणी इतकं गढूळ असतं, आबा?"

"तू ओढण्या रंगव, बाई. धरण आम्ही पाहतो."

साबेरा तडक बांधावर चढली. पाण्याच्या कडेला, बांधाच्या दगडी अस्तरातल्या एका फटीपाशी लिंबाची पानं गोल गोल फिरत होती. तिने हलवायाकडून जिलेबीचा रंग आणला. खायचाच रंग, गुरांना बाधायचा नाही. मग पुन्हा आबांना गाठलं. "एक तास ठिबक बंद ठेवा. मी वर धरणात रंग सोडते. तो चारीत उतरला नाही, तर मी गप्प बसेन."

रंगाची पुरचुंडी बांबूला बांधून तिने भोवऱ्यात धरली. रंग पसरला नाही. दोऱ्यासारखा सरळ आत गेला.

ठिबक बंद करून आबा खाली चारीवर घड्याळ बघत बसले. "कधी निघतो तुझा जिलेबीचा घाणा?"

साबेरा बांधावरून खाली येऊन चारीच्या पाण्यावर नजर ठेवून होती. नौशीनला तिने आधीच कडेवर घेतलं होतं.

पाऊण तासाने पाणी पिवळसर झालं, मग चक्क नारिंगी. आबांनी बोट बुडवलं, बोटाकडे पाहिलं, आणि उठले. "पोरं बाहेर काढा बठ्ठी, एकबी ठेवू नका! पाटबंधाऱ्याच्या साहेबाले फोन लावा!" धरणाचं पाणी सोडायच्या दाराची चावी त्यांनी स्वतः फिरवली. उन्हाळ्यात त्यांच्याच केळीला पाणी कमी पडणार होतं.

पाणी उतरल्यावर इंजिनिअरांनी फट बुजवली, झिरपत्या जागेवर माती अडवणारे वाळू-खडीचे थर घातले. तोवर अंगणवाडी आबांच्या ओसरीत भरली. पहिल्या दिवशी साबेरा लेकीला सोडायला आली, तेव्हा आबा वाटच बघत होते.

"साबेराबाई, दर आठवड्याला चारी पाहून जात जाय. मले रंगातलं काही समजत नाही."