केबल लावली की शहाणी होणारी लिफ्ट

लिफ्ट चौथ्यांदा अडकली, तेव्हा सदाशिव पेठेतल्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी फोनवर नमस्कारही केला नाही.

“तुमची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये विश्रांती घेतेय. आत पानसे आजोबा आहेत. त्यांना काही निरोप द्यायचाय का?”

आजोबा अर्ध्या तासाने सुखरूप बाहेर आले. लिफ्टला कुठे थांबायचं हे सांगणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड बिबवेवाडीतल्या आमच्या छोट्या कंपनीत बनतं. त्यातलं सॉफ्टवेअर माझं. तेवीस वर्षं हेच करतोय, आणि खरं सांगायचं तर आता कंटाळलोय.

आमचे मालक देवधर यांचा निकाल तयार होता. “नवी मेमरी चिप लागल्यापासूनच हे सुरू झालंय. सलीमभाईंनी बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून डुप्लिकेट माल आणला. या महिन्यानंतर त्यांना कामावरून थांबवू.”

सलीमभाई तांबोळी आमची खरेदी आणि जुळणी बघतात. जुनी चिप मिळेनाशी झाली, म्हणून त्यांनी नवी शोधली होती. ते समोरच उभे होते. काही बोलले नाहीत.

मी अडकलेलं कार्ड टेबलावर घेतलं आणि सवयीने आधी डीबग केबल जोडली. कार्डाच्या आत काय चाललंय, ते या केबलमधून लॅपटॉपवर दिसतं. चार दिवस कार्ड व्यवस्थित चाललं. देवधर रोज विचारायचे, मी रोज नकारार्थी मान हलवायचो.

पाचव्या दिवशी सलीमभाई म्हणाले, “काळेसाहेब, तुम्ही वायर लावली की हे शहाण्यासारखं वागतं. लिफ्टमध्ये कुठे वायर असते?”

मला लाज वाटली. केबल काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला कार्ड मेलं.

आता थोडं समजावून सांगतो. प्रोग्रॅम मेमरीतला एखादा पत्ता मागतो, तो खरा नसतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एक तक्ता ठेवतो: कुठला मागितलेला पत्ता चिपवरच्या कुठल्या खऱ्या जागी जातो. तो तक्ताच बिघडला तर सगळं ठप्प. मेमरी किती आहे, हे कर्नलला मी हाताने लिहून दिलं होतं, जुन्या चिपच्या मापाने. लिफ्टच्या नोंदी, म्हणजे लॉग, मी मेमरीच्या वरच्या निम्म्या भागात ठेवल्या होत्या. नवी चिप अस्सल होती, पण मापाने निम्मी. अशा चिपकडे निम्म्याच्या पुढची जागा मागितली, तर ती नाही म्हणत नाही. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते. त्यामुळे लॉग भरत भरत दोन-तीन दिवसांनी कर्नलच्या त्या तक्त्यावरच लिहायला लागायचा. केबल लावली की लॉग मेमरीत न जाता लॅपटॉपवर जायचा. म्हणून आमच्या टेबलावर सगळं ठीक.

बरं, मग निम्म्या मापाची चिप चालेल असं सलीमभाईंना सांगितलं कोणी? कागद शोधला. सापडला नाही. आमच्याकडे असल्या गोष्टी चहाच्या टपरीवर ठरतात. आणि मग मला ती टपरी आठवली. “साहेब, निम्मी मिळतेय, चालेल?” “चालेल की, आपण वापरतो किती!” ग्लास ठेवला आणि विसरलो.

मी सलीमभाईंना विचारलं, “तुम्ही बोलला का नाहीत?”

“तुम्हाला आठवलं असतं तर तुम्हीच बोलला असतात. नाही आठवलं, तर मी बोलून काय, तुमच्या शब्दापुढे माझा शब्द कोण मानणार?”

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. तसाच देवधरांकडे गेलो.

“चिप खरी आहे. चूक माझी आहे. मी हो म्हटलं होतं.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला. “असू दे हो. होतं असं. आधी लिफ्ट चालू करा.”

सलीमभाईंच्या वेळी त्यांना ‘असू दे’ सुचलं नव्हतं. मी तसं म्हटलं. त्यांनी चष्मा परत लावला. सलीमभाईंची नोकरी राहिली.

दुरुस्ती प्रोग्रॅममधल्या दोन ओळींची होती: मेमरीचं खरं माप आणि लॉगची नवी जागा. ती अकरा लिफ्टमध्ये जाऊन हाताने भरली. आता टेबलावरचं कार्ड आठवडाभर केबलशिवाय चालवतो. सलीमभाईंना एखादा भाग बदलायचा असला की ते टपरीवर कागद घेऊनच येतात. माझी सही झाली की मग चहा सांगतात.