एका टाकीत दोन कामं

आमच्या पारोळ्याकडच्या कपाशीत त्या वर्षी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या एक बाई प्रयोग करत होत्या. दहा ओळींवर द्रवरूप खताची फवारणी, शेजारच्या दहा ओळींवर नुसतं पाणी. उत्पन्नात किती फरक पडतो ते पाहायचंच, पण त्यांचा खरा जीव पानांवर राहणाऱ्या सूक्ष्मजीवांत होता. दर आठवड्याला येऊन त्या पानं खुडायच्या, बर्फाच्या डब्यात घालून न्यायच्या. त्या दिसत नसलेल्या जिवांमुळे पान रोगाला तोंड देतं, खत मारल्यावर त्यांचं काय होतं हे कुणी बघत नाही, असं त्या सांगायच्या. अट एकच होती. या वीस ओळींवर दुसरं काहीही मारायचं असेल, तर आधी फोन करायचा.

माझं शेत त्यांनी निवडलं ते माझ्या वहीमुळे. कोणत्या दिवशी काय फवारलं, किती पंप झाले, वारा कसा होता, सगळं मी लिहिते. गावात लोक औषध आणण्याआधी मला विचारून जातात.

भाद्रपदात पानांवर काळे ठिपके आले. फवारणीवाला एकाच दिवसासाठी मिळाला. खत आणि ठिपक्यांसाठी कॉपर, म्हणजे जंतू मारणारं औषध, अशी दोन्ही मारायची होती.

‘‘अक्का, बठ्ठं एकच टाकीमा टाकी दिऊ का?’’ त्यानं विचारलं. आमच्याकडे सगळेच असं करतात. एका चकरेत दोन कामं. मी हो म्हटलं. पाण्याच्या दहा ओळी तेवढ्या आठवणीनं सोडायला लावल्या. खताच्या ओळींवर मात्र कॉपरही गेलं. ते मला तिथंच, बांधावर उभी असताना कळलं होतं. घरी येऊन वहीत लिहिलं, ‘खत, आठ पंप.’ कॉपर लिहिलं नाही, फोनही केला नाही. बाई रागावतील, प्रयोग दुसऱ्या कुणाच्या शेतात नेतील, असं वाटलं.

वेचणी संपल्यावर गावात बैठक झाली. खताच्या ओळींत कापूस थोडा जास्त भरला होता, पण पानांवरचे सूक्ष्मजीव जवळजवळ नाहीसे झाले होते. हे खत जपून वापरावं, असं बाई म्हणाल्या.

मागे बसलेल्या म्हाताऱ्या नानांनी विचारलं, ‘‘पोरी, आम्ही कापूस पिकाडतस का जंतू?’’

सगळे हसले. बाईही हसल्या. मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, ‘‘नाना, माझ्यावर विश्वास नसेल तर अक्कांची वही बघा. त्या ओळींवर खताशिवाय काही मारलेलं नाही.’’

नाना लगेच गंभीर झाले. अक्काची वही म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. पुढच्या हंगामात ते खत बंद, असं त्यांनी तिथंच ठरवलं. मी मान हलवली.

तीन दिवसांनी मी धुळ्याला गेले आणि सांगितलं. बाई चिडल्या नाहीत. कॉपर किती टाकलं, कोणत्या तारखेला, एवढं विचारून लिहून घेतलं. म्हणाल्या, ‘‘त्याच दिवशी कळलं असतं तर त्यापुढची पानं वेगळी काढली असती. सूक्ष्मजीव खतानं गेले की कॉपरनं, आता कसं सांगू?’’ मग विचारलं, ‘‘अक्का, अजून काय काय लिहिलं नाहीये?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हणाले. खरं तेच होतं. पण त्यांनी मानावं कशावरून?

माझ्या शेताचे सगळे आकडे त्यांनी वगळले, कापसाचेसुद्धा. वर्ष वाया गेलं. बैठकीत आलेल्यांना मात्र तुम्हीच सांगा, एवढं म्हणाल्या. मी घरांची यादी केली आणि फिरले. नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

‘‘मंग खत मारू का नको?’’

‘‘मला माहीत नाही, नाना,’’ मी म्हणाले.

नाना ओट्यावरून उठले. मग चपला घालून, विचारायला, शेजारच्या आबांकडे गेले.