साग्दातचा अर्धा सलाम

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पण दूरच्या गवताळ मुलखातले ओरिनबाय आजोबा डोक्यातून जातच नाहीयेत.

त्यांच्या बायकोची, नेसिप्कुल आजींची, कंबर मोडलेली. ऑपरेशनसाठी लेक दुसऱ्या दिवशी त्यांना शहरात नेणार होती. आजी म्हणाल्या, "म्हाताऱ्या, आपल्या तळ्यावर हंस आले नि मी बघितले नाहीत, असं एकाही वसंतात झालं नाही. जायच्या आधी दाखव."

म्हणून आजोबा पहाटेच कॅमेरा घेऊन कोर्गाल्झिनच्या तळ्याकाठी लव्हाळ्यात बसले. अर्धं पाणी, अर्धा बर्फ, वर दुधासारखं धुकं. आभाळ कुठे संपतं नि तळं कुठे सुरू होतं, काही कळेना. आपण बसलोय की तरंगतोय, तेही कळेना. आणि त्या पांढऱ्यातून आणखी पांढरं काहीतरी हळूच सुटं झालं. हंसांची जोडी!

तेवढ्यात समोरच्या काठावर धुक्यातून घोडा आला. त्यावर साग्दात, आजोबांच्याच वयाचा मेंढपाळ.

"सलाम रे! जिवंत आहेस अजून? मेंढरं बरी? घरचे..."

आजोबांनी हात वर केला. गप्प!

साग्दात गप्प झाला. हंस अगदी जवळ आले. आजोबांनी श्वास रोखून फोटो काढला. मान वर केली तर घोडा गेलेला.

घरी आजी फोटो बघतच राहिल्या. बोटाने हंसांना कुरवाळलं. मग बोट थांबलं. पाण्यात उलटा घोडेस्वार दिसत होता.

"हा साग्दात ना? काय म्हणाला?"

"मी बोलूच दिलं नाही."

"सलाम अर्ध्यावर तोडलास? अरे, हिवाळ्यात बायको गेली त्याची! मेंढरांशी बोलत राहतो तो. माझीच चौकशी करायला आला असणार."

आजोबांनी फोटोतला उलटा घोडेस्वार पुन्हा निरखला.

"फोटो झकास आहे," आजी म्हणाल्या, "पण उद्या गाडी आधी त्याच्या दारात."

सकाळी लेकीने गाडी थांबवली. आजोबा उतरले, टोपी काढली. "साग्दात, सलाम. मेंढरं बरी? घोडा बरा? तू बरा?"

साग्दात दारातून बाहेर आला. मग एकदम, "काळी मेंढी व्यायली, दोन झाली," म्हणाला, आणि सुरूच झाला. लेक हॉर्न वाजवत राहिली. आजी आतून ओरडल्या, "बोलू दे गं त्याला!"

तुमचंही कुणीतरी असेल ना, ज्याला तुम्ही "नंतर बोलू" म्हणालात? प्लीज, या आठवड्यातच जाऊन भेटा.