अंड्यातल्या पिल्लांचा दाखला

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मोठमोठे गुन्हे विसरलो, पण कोंबडीच्या पिल्लांचं ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी चेन्नईत अंबत्तूर भागातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. उत्तरेला आंध्रच्या सीमेजवळ काही गावांत कोंबड्यांवर रोग आला होता, तिकडून पक्षी आणायला बंदी होती. सकाळी स्टेशन डायरी बघत असताना खाद्य विकणाऱ्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. हद्दीच्या टोकाला एका नव्या शेडमध्ये बंदी असलेल्या भागातली पिल्लं उतरलीत आणि त्यांच्या आरोग्य दाखल्यावर खाडाखोड आहे, असं त्याचं म्हणणं. अशा निम्म्या खबरी धंद्यातल्या जळफळाटातून येतात. तरी जावं लागतं.

शेडचा मालक निघाला सांगलीकडचा. इथल्या मोटारीच्या कारखान्यात तपासणी विभागात होता, नोकरी सोडून बायकोसह या धंद्यात पडलेला. दोन हजार पिल्लं, पहिलीच खेप. दाखल्यावर गाडीचा नंबर खोडून दुसरा लिहिलेला, अक्षर त्याचंच. पशुवैद्यकीय खात्याने नमुने घेतले, शेडला पहारा बसला आणि मी त्याला ठाण्यात आणलं.

आमचं घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, घरी बोली मराठीच. माझी मराठी ऐकून तो चमकला.

"भिऊ नको. अस्के सांग," मी म्हणालो. अस्के म्हणजे आमच्याकडे सगळं.

"साहेब, गाडी वाटेत बंद पडली. पिल्लं दुसऱ्या गाडीत घातली. कागदावर नंबर जुनाच होता, म्हणून मी दुरुस्त केला. शेजारी सहीपण केली."

"दुसऱ्याने दिल्हेल्या दाखल्याला तू हात कां लावलास?"

"कारखान्यात तसंच करायचो. चूक दिसली की एक रेघ मारायची, बरोबर लिहायचं, सही करायची."

मला हसावं की रडावं कळेना. खोटा कागद करणारा खाडाखोडीशेजारी स्वतःची सही ठोकत नाही. माणूस खरा आहे हे मला तिथेच पटलं, पण पटून केस डायरी भरत नाही.

वाट सापडली ती आमच्या महिला हवालदाराला. तिच्या माहेरी कोंबड्या होत्या. पंचनाम्यात आणलेलं रिकामं खोकं उलटसुलट करत ती तमिळमध्ये म्हणाली, "साहेब, दाखला सोमवारचा आहे. खोक्यावर पिल्लं अंड्यातून निघाल्याची तारीख बुधवारची."

म्हणजे दाखला देणाऱ्या पशुवैद्यकीय डॉक्टरांनी जी पिल्लं तपासली म्हणून लिहिलं, ती तेव्हा अंड्यातच होती.

डॉक्टरांना बोलावलं. निवृत्तीला आलेला, थकलेला माणूस. एक शब्द लपवला नाही. "सही माझीच. पिल्लं पहाटे निघतात, ऊन चढायच्या आत गाडी सुटावी लागते. अंडी उबवणाऱ्या चार हॅचऱ्या माझ्याकडे. सोमवारी जातो तेव्हा आठवड्याचे दाखले सही करून ठेवतो. सगळेच ठेवतात, सर."

हॅचरी बंदीच्या भागाबाहेरची होती. नुसत्या नंबराच्या दुरुस्तीवर प्रकरण खुलाशाने मिटलं असतं. पण गाडी बंद पडली ती नेमकी बंदी असलेल्या गावाजवळ, आणि आता दाखलाही न तपासता दिलेला ठरला. मी त्या तरुणाला निर्दोष सोडलं आणि त्याच तपासाच्या आधारावर, नमुन्यांच्या अहवालाची वाट न बघता, दोन हजार पिल्लं नष्ट करण्याचा पशुवैद्यकीय खात्याचा आदेश निघाला. पंचनाम्यावर सही माझी आहे. पांढरे पोशाख घातलेली माणसं खोकी नेत होती तेव्हा त्याची बायको शेडच्या दाराशी उभी राहून एकेक खोकं बघत होती. मला शरम वाटली.

अहवाल पाचव्या दिवशी आला. हवालदाराला न पाठवता मी स्वतः शेडवर घेऊन गेलो. दाराशी त्याची बायको होती, तिने तो वाचला.

"म्हणजे पिल्लं निरोगी होती?"

"होय."

"मग दाखल्यात लिहिलेलं खरंच होतं की, साहेब."

पस्तीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारले. खोट्या कागदावर खरी गोष्ट लिहिलेली असू शकते आणि ती सिद्ध होईपर्यंत आपण थांबत नाही, एवढं मी त्या दाराशी शिकलो. अहवालाची प्रत मिळाल्याबद्दल तिची सही घेतली आणि जीपमध्ये येऊन बसलो.