हातमागाच्या खड्ड्यातलं पिशाच्च

काकवीचा वास आला की ते शूटिंग आठवतं आणि माझं डोकं तापतं. वडगावच्या आमच्या घरात धाकटा दीर रक्तपिपासू पिशाच्चाचा सिनेमा काढत होता. रक्त म्हणजे काकवीत कालवलेला लाल रंग. हातमागावर बसताना पाय सोडायच्या खड्ड्यात तो स्वतःच पिशाच्च होऊन दडला. “वैनी, पोरीला सांगू नकासा, भीती खरी दिसाय पायजे.” मी कबूल झाले. माझी आठ वर्षांची मुलगी नेहमीसारखी खड्ड्यात पाय सोडून बसली आणि त्यानं तिचा घोटा धरला. ती किंचाळली, शूटिंगला जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. “आई, तुला ठाऊक होतं व्हय?” “न्हाय गं.” तेवढ्यात दीर हसत म्हणाला, “आईनंच तर होय म्हटलंय की!” सिनेमा अर्धवटच राहिला. मुलगी आता नोकरीला परगावी असते. फोनवर मी “बरी आहे” म्हटलं, तरी ती वडिलांना विचारून खात्री करून घेते.