बांधावरची एकदांडी

त्या दिवशी वालूरच्या आमच्या रानात कापसाची खुरपणी चालू होती. सत्तरच्या दशकातली गोष्ट... मी असेन नऊ वर्षांची. शाळेला सुट्टी, म्हणून आईबरोबर गेले होते.

खुरपणाऱ्या बायकांत कौसामावशी सगळ्यात पुढे. तिच्यामागे गवताची काडी राहायची नाही. पण बांधाशी आली की एकदांडीची पाच-सहा झुडपं तशीच सोडायची... लांब देठावर एकच पिवळट फूल येतं, ती. मला वाटलं, मावशी चुकली.

मग काय, खुरपं घेऊन मी बांध चकाचक केला. उपटलेलं सगळं पलीकडच्या ढिगावर टाकलं आणि शाबासकीची वाट बघत बसले!

तेवढ्यात आईचं खुरपं सटकलं. डाव्या हाताच्या बोटात खोल गेलं... रक्त थांबेना. दवाखाना सेलूला, आणि तिकडची एसटी संध्याकाळशिवाय नव्हती.

कौसामावशी बांधाकडे पळाली आणि तिथूनच ओरडली, "हितली एकदांडी कोन उपटली माय?"

"मी... गवत राहिलं होतं ना."

"राहिलं न्हवतं, ठिवलं होतं! लय शहानी हायस. जा, हुडक आता."

"रागवू नका कौसाबाई," आई बोट दाबून धरत म्हणाली, "पोरीनं पहिल्यांदाच काम केलंय."

"तेबी उलटं!"

रडत रडत मी ढीग उपसला. फुलांवरून झुडपं ओळखली... पानं अजून कोमेजली नव्हती. मावशीनं ती धुतली, तळहातावर चोळली तसा उग्र वास सुटला, मग रस जखमेवर पिळला. आई कळवळली. वर चोथा ठेवून लुगड्याची स्वच्छ चिंधी घट्ट बांधली, आणि हळूहळू रक्त थांबलं. संध्याकाळी सेलूच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तोवर आईच्या तोंडावर रंग आला होता.

आज मी कॉलेजात औषधी वनस्पती शिकवते. त्याच पानांतली टॅनिन, फ्लेव्होनॉइड ही औषधी द्रव्यं मुलांना दाखवताना हाताला तोच उग्र वास येतो. या तणांत अजून पुष्कळ दडलंय आणि आमची मुलं ते शोधतील, याची मला खात्री आहे. कौसामावशी आता नाही... तिला हे सांगायचं राहून गेलं.

कॉलेजच्या माळीकाकांना मात्र मी दरवर्षी बजावते... कुंपणाजवळच्या एकदांडीला हात लावू नका. ती राहिलेली नाही, ठेवलेली आहे.