एकदम दाबलेलं एंटर

वर्ध्यात ‘शेवटी कोण?’ या प्रश्नावर अजिबात विश्वास नसलेला एकच माणूस होता, आणि तो माझ्या बाबांचा मित्र होता. पीठगिरणीत मालकाने ‘हा शेवटचा डबा तुमचाच’ म्हटलं तरी काका हलत नसत. आपला डबा गिरणीतल्या ज्या माणसाच्या हातात दिला होता, तो जेवून येईपर्यंत पोत्यावर बसून राहत. एका लग्नात मांडवाबाहेर उरलेली शेवटची चपलांची जोडी नाकारून ते अनवाणी घरी गेले. जोडी त्यांचीच होती.

हे वेड त्यांना वधूवर सूचक केंद्रात लागलं. तिथला कॉम्प्युटरचा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला, आणि बी.कॉम. झाल्यावर मला तिथे लावलंही त्यांनीच. एका कॉम्प्युटरवर मी, दुसऱ्यावर एक बडबड्या ताई. स्थळाची नोंद झाली की मशीन आपोआप पुढचा नंबर देई. मग प्रोग्राम सर्वांत मोठा, म्हणजे शेवटी दिलेला, नंबर शोधून त्याला फोटो चिकटवी. मेळाव्याच्या गर्दीत माझ्या नोंदीमागोमाग, फोटो लागायच्या आतच, ताईंची नोंद गेली, आणि माझ्याकडचा फोटो त्यांच्या नंबरला लागला. तो नंबर कारंज्याच्या एका मुलीचा होता. तिच्याकडे पाहुणे आले. पोह्यांचा ट्रे तिच्या हातात असतानाच मुलाची आई म्हणाली, “फोटोतली पोरगी कुठं हाय?”

केंद्राच्या मालकीणबाई माझ्यावर बरसल्या. “इंग्रजी शाळेत गेलती न तू? डोळे नाई काय?” नोकरी गेली असं मी मनात ठरवूनही टाकलं.

काकांनी खुर्ची ओढली. माझ्या कॉम्प्युटरवर त्यांची माहिती, ताईंच्या कॉम्प्युटरवर माझी. “तीन म्हणलं का दोघी संगच एंटर दाबा.” पाचव्या ‘तीन’ला माझ्या नावाखाली काकांचा फोटो उमटला.

“पोरीले मिशा आल्या, पाह्य!” ते आनंदाने ओरडले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. “हिची चूक नाई, माही हाय. एवढ्या गर्दीत शेवटी कोण आलं ते काऊन इचारायचं? ज्यानं नोंद केली त्यानंच इचारावं, मले कोणता नंबर देल्ला?”

दुपारपर्यंत प्रोग्राम तसा दुरुस्त करून ते मला घेऊन एसटीने कारंज्याला गेले. मुलीच्या वडिलांनी बसासुद्धा म्हटलं नाही. काकांनी उभ्यानेच मुलीला हात जोडले. “बाई, हे माह्यानं झालं. आता तुहाच फोटो लावतो.”

“फोटो नका लावू काका,” ती म्हणाली. “नावच काढा. मले डीएड करायचं हाय.”

“तुले कोणी इचारलं?” वडील म्हणाले.

“मी इचारलं न, भाऊ,” काका म्हणाले.

तिची चारशे बारा नंबरची नोंद त्यांनी स्वतः पुसली. एकदा दिलेला नंबर मशीन पुन्हा कुणाला देत नाही. छापील यादीत चारशे अकरानंतर एकदम चारशे तेरा येई. कुणीतरी हमखास विचारी, “मधलं स्थळ जमलं काय?”

काका चष्मा पुसत म्हणत, “जमलं.”